अकरा लड्या

स्वेटर विणीत बसलेल्या बाईच्या शेजारी दुसरी बाई येऊन टेकली, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “नमुना कुठला घेतलात हो?” लोकर कसली, किती, कुठली, हे प्रश्न मागाहून येतात, पुष्कळदा येतही नाहीत. आणि त्यात तिचं काही चुकत नाही. गिरणीची लोकर विणणाऱ्यांचा क्रमच तसा असतो. आधी चित्र आवडायचं, मग चित्राखाली लिहिलेल्या नंबराच्या सुया काढायच्या, आणि तितके गुंडे दुकानातून आणायचे. एखादा गुंडा कमी पडला तर त्याच रंगाचा, त्याच जाडीचा दुसरा मिळतो. नमुना हा यजमान आणि लोकर ही त्याच्या हुकुमातली, असा तो संसार असतो.

हातानं कातलेल्या आणि घरी रंगवलेल्या लोकरीचा संसार नेमका उलटा. तिथं लोकर आधी येते. जितकी आली तितकीच. मागून आणखी मिळायची नाही. तिची जाडी तिच्या मनाची, रंग तिच्या मनाचा. नमुन्यानं तिच्या कलानं घ्यायचं असतं. हे मी एका स्वेटराच्या निमित्तानं पुरतं शिकले, आणि त्या निमित्तानं आमच्या घरात जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती, म्हणून लिहिते आहे.

आमच्या सासूबाईंचं बालपण वर्ध्याचं. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या नव्या शिक्षणाची कल्पना मांडली गेली, आणि त्या हवेत वाढलेल्या मुलींच्या हाती पाटी आणि टकळी बरोबरच आली. आई नवव्या-दहाव्या वर्षी कापसाचं सूत काढीत. पुढं लग्न, पुण्यातलं बिऱ्हाड, चार मुलं यांत टकळी कुठं गेली कुणास ठाऊक. ती परत आली २०१४ साली. धाकटे भाऊजी तेव्हा नोकरीसाठी कुलूजवळ होते, आणि आई-नाना लागोपाठ दोन उन्हाळे त्यांच्याकडे राहिले. तिथल्या बायका पाठीवर ओझं असलं तरी हातानं टकळी फिरवीत चालतात. मनगटाभोवती पिंजलेली लोकर गुंडाळलेली, टकळी भिंगरीसारखी खाली लोंबती, आणि तोंडानं शेजारणीशी गप्पा. आईंनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीकडून टकळी मागून घेतली. परत आल्या त्या धुतलेल्या, पिंजलेल्या पांढऱ्या लोकरीचं एक मोठं गाठोडं घेऊन.

कापूस कातलेल्या हाताला लोकर सोपी वाटावी असा आपला समज असतो. आई म्हणायच्या, तसं नाही. कापसाचे तंतू आखूड, त्यांना पीळ भरपूर आणि भराभर द्यावा लागतो. लोकरीचा तंतू लांब आणि लवचीक. तिला तितका पीळ दिला तर ती दोरीसारखी कडक होते आणि अंगाला टोचते. तेव्हा हाताची साठ वर्षांपूर्वीची सवय मोडून त्यांनी नवी लावून घेतली. दर हिवाळ्यात थोडी थोडी कातीत. एक धागा डाव्या बाजूनं भरला की दुसरा, मग दोन्ही एकत्र करून उलट्या दिशेनं पीळ. अशी दुपदरी लोकर त्या पाटाभोवती गुंडाळून लडी बांधीत.

रंगकाम मागच्या व्हरांड्यात चाले. त्यासाठी एक स्टीलचं पातेलं कायमचं स्वयंपाकघरातून बाद झालं. शंभर ग्रॅम लोकरीला दहा-बारा ग्रॅम तुरटी, हे त्यांचं प्रमाण. आधी तुरटीच्या पाण्यात लोकर मंद आचेवर तास-दीड तास ठेवायची, मग रंगाच्या पाण्यात. डाळिंबाच्या सालींनी मोहरीच्या तेलासारखा पिवळा, कांद्याच्या सालींनी सोनेरी-नारिंगी, मंजिष्ठानं भाजक्या विटेचा तांबडा. डाळिंबाच्या पाण्यात चिमूटभर हिराकस पडला की तोच पिवळा शेवाळी होतो. मी एकदा हळद सुचवली तर म्हणाल्या, “हळदीचा रंग लग्नापुरता. उन्हात चार दिवस ठेव, कुठं गेला ते सापडायचं नाही.” आणखी एक शिस्त त्या कसोशीनं पाळीत : गरम लोकर गार पाण्यात कधी बुडवायची नाही आणि पातेल्यात ढवळायची नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, पाणी आणि रगडणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, आणि लडीचा नमदा होतो. पण ढवळायचं नाही म्हटल्यावर रंग सगळीकडे सारखा बसत नाही. एका लडीत गडद-फिका असे ढगाळ पट्टे येतात. आईंना ते आवडत. “मला काय थानाचं कापड रंगवायचंय?” असं त्या म्हणत.

२०२० पासून त्यांना कंपवात जाणवू लागला. टकळी त्यांनी सोडली नाही. मात्र धागा कुठं बोटाएवढा जाड, कुठं शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक येऊ लागला. शेवटच्या दोन लड्या एकपदरीच राहिल्या. दोन धागे जुळवून उलटा पीळ देणं हातांना झेपेना, आणि रंगाचं पातेलंही उचलवेना. २०२२ च्या फेब्रुवारीत आई गेल्या. त्यांच्या कपाटात अकरा लड्या निघाल्या. चार डाळिंबी पिवळ्या, तीन सोनेरी, एक तांबडी, एक शेवाळी. आणि दोन पांढऱ्या, एकपदरी. मी काट्यावर ठेवल्या. सगळ्या मिळून ७६० ग्रॅम.

वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा वन्सं म्हणाल्या, आईची आठवण आहे, चौघा भावंडांनी लड्या वाटून घ्याव्यात. कल्पना वाईट नव्हती. काचेच्या कपाटात एकेक लडी शोभलीही असती. पण नाना आरामखुर्चीतून म्हणाले, “ती लोकर आहे, अस्थी नव्हेत. वाटताय कसल्या? मला थंडी वाजते.” झालं. नानांचा स्वेटर ठरला, आणि विणणारी मी.

नमुन्याचा प्रश्न इथून सुरू झाला. भाऊजींनी फोनवर एक चित्र पाठवलं : आयर्लंडकडच्या अरान बेटांचा, अंगभर वेण्या आणि चौकटी असलेला भारदस्त स्वेटर. आईच्या लोकरीला साजेसं काहीतरी थाटाचं हवं, असं त्यांचं म्हणणं. मी कुणालाही नाही म्हटलं नाही. चोवीस टाके घातले आणि वेणीचा तुकडा विणला. हाच तर हातकत्या लोकरीचा पहिला नियम आहे. वाद घालायचा नाही, तुकडा विणायचा. विणून झाल्यावर तो कोमट पाण्यात भिजवायचा, सपाट वाळवायचा आणि मगच मोजायचा. कारण हाताची लोकर पहिल्या पाण्यात फुगते आणि तिचं खरं रूप त्यानंतर दिसतं.

त्या तुकड्यात वेणी होती, पण डोळ्यांना सापडेना. वेणी उठून दिसते ती सावलीमुळं. उंच टाक्यांची सावली बाजूच्या खोलगट टाक्यांवर पडते, आणि ती पडायला धागा गोल, घट्ट, एकसारखा आणि एकरंगी लागतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे गर्न्सी स्वेटर घट्ट पिळाच्या पाचपदरी लोकरीचे असतात, म्हणून त्यांच्यावरचे साधे सुलट-उलट टाक्यांचे नक्षीकामही कोरल्यासारखं दिसतं. आमच्या ढगाळ सोनेरी लोकरीत रंगाचेच उन्ह-सावलीचे पट्टे इतके, की वेणीची सावली त्यांत हरवून गेली. दोघी गायिका एकाच वेळी वेगवेगळं पद गाताहेत असा प्रकार. जाळीच्या विणीचंही तेच. जाळी बारीक, सारख्या धाग्याची. जाड-बारीक धाग्यात तिची भोकं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतात.

खरं म्हणजे जगातल्या जुन्या विणी त्या त्या ठिकाणच्या लोकरीनंच ठरवल्या आहेत. शेटलंड बेटांवरच्या मेंढ्या पांढऱ्या, करड्या, तांबूस, काळ्या अशा कितीतरी छटांच्या. तिथं एका ओळीत दोन रंग खेळवणारी बारीक नक्षी आली. कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावरच्या कोविचन बायकांची हातची लोकर जाडजूड. त्यांनी नैसर्गिक पांढऱ्या, करड्या, काळ्या रंगांत मोठ्या ठसठशीत आकृत्या विणल्या. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ आणि बहुतेक काळी. तिचा स्वेटर कुणी अंगात घातला तर तासाभरात काढून फेकील. पण धनगरांनी कातलेल्या त्याच लोकरीची सनगरांनी मागावर घोंगडी विणली, तिला चिंचोक्याची खळ लावली, आणि पावसात ती डोक्यावरून घेतली की तिच्यासारखं वस्त्र नाही. लोकरीत खोट नसते. तिला कुठल्या कामाला लावायचं ते कळावं लागतं.

तेव्हा मी आधी आमच्या लोकरीचा स्वभाव तपासला. पट्टीवर धागा शेजारी शेजारी गुंडाळायचा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचं, ही सोपी युक्ती आहे. दुपदरी लोकरीचे कुठं नऊ, कुठं दहा वेढे बसले. म्हणजे सात नंबरच्या सुया. त्यांवर धुतल्यानंतर इंचाला चार टाके आले. मग रंगाची परीक्षा. प्रत्येक लडीचा वीतभर धागा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवला. एकाही रंगाचा डाग पडला नाही. तांबड्याची मला धास्ती होती. तो शेजारच्या पिवळ्यात उतरता तर सगळा बेत बदलावा लागला असता.

त्यानंतर पांढरी एकपदरी. तिचा एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा साधा तुकडा विणला आणि वाळवला, तर चौकोनाचा पतंग झालेला. एका बाजूला सरळसरळ कललेला! एकपदरी धाग्यातला पीळ मोकळा व्हायला पाहत असतो, आणि तो सगळे टाके एकाच अंगाला ढकलतो. दोन पदर उलट दिशेनं पिळले की तो तोल सांभाळला जातो, म्हणून दुपदरी लोकर सरळ राहते. यावर दोन उपाय. एक, दोन्ही लड्यांना मी स्वतः जोडून पीळ देणं. पण त्यात लांबी निम्म्यावर आली असती. दुसरा उपाय विणीतला : एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट, उलटावर सुलट. या दाणेदार विणीत पुढचे-मागचे टाके एकमेकांना ओढून धरतात. तसा तुकडा विणला, तो पाटासारखा सरळ राहिला. शिवाय जाड-बारीकपणाही त्या दाण्यांत मुरला.

एवढं जमल्यावर अडचण उभी राहिली ती लोकरीची नव्हती. वन्सं म्हणाल्या, “पांढऱ्या दोन लड्या घेऊच नकोस. किंवा घ्यायच्याच तर आत कुठंतरी, खिशाच्या अस्तराला घे. आईचं काम किती नीटनेटकं असायचं! तिचा कापरा हात चारचौघांना कशाला दाखवायचा?” हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले, आणि मला एकदम उत्तर सुचलं नाही. सुनेच्या तोंडी ते शोभलंही नसतं. त्यांची आई, त्यांचा अधिकार. आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आईंनी आयुष्यात वेडीवाकडी शिवण कुणाच्या अंगावर जाऊ दिली नव्हती. आज त्या असत्या तर कदाचित त्यांनीच त्या लड्या बाजूला काढल्या असत्या.

दुसरी बाजूही माझ्या मनात होतीच. त्या दोन हिवाळ्यांत एक एक वीत धागा काढायला आईंना किती वेळ लागे, ते मी पाहिलं होतं. पहिल्या नऊ लड्या त्यांनी गप्पा मारता मारता कातल्या. या दोन मात्र कातायच्या म्हणून कातल्या. त्या अस्तरात घालायच्या, हे मला पटत नव्हतं.

ज्याला स्वेटर घालायचा त्याला विचारावं, असं ठरलं. नानांना काचबिंदूमुळं आताशा फारसं दिसत नाही. उजेड आणि सावली, एवढंच. मी सगळे तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले. वेणीचा तुकडा त्यांनी चाचपला आणि बाजूला ठेवला. सोनेरी साधा तुकडा हातात घेऊन म्हणाले, “मऊ आहे.” मग पांढरा दाणेदार तुकडा बोटांखाली आला. त्यावरून ते अंगठा फिरवीत राहिले. एका जाड गाठोळ्याशी थांबत, पुढं जात, पुन्हा मागं येत. थोड्या वेळानं म्हणाले, “ही त्या शेवटच्या थंडीतली. इथं ती दमून थांबायची, आणि टकळी माझ्या हातात धरायला द्यायची.” मग वन्संच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, “बाकीचा स्वेटर तुम्ही बघा. हे मला वाचता येतं. हे पुढं असू दे, हाताशी.”

वन्सं काही बोलल्या नाहीत. पण नंतर त्यांनी अस्तराचं नाव काढलं नाही.

मग नमुना आपोआपच ठरत गेला. नानांचा उजवा खांदा आखडलेला. डोक्यातून घालायचा स्वेटर त्यांच्या कामाचा नाही. म्हणजे पुढून उघडा, बटणांचा. मापांसाठी मी एलिझाबेथ झिमरमन या बाईंची टक्केवारीची रीत घेतली. इंग्लंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या या विणकरणीचं ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे पुस्तक १९७१ सालचं. हाताच्या लोकरीला तिची रीत फार सोयीची, कारण ती कुठल्याही जाडीला लागू पडते. छातीचे एकूण टाके म्हणजे शंभर टक्के. खालची पट्टी त्याच्या नव्वद टक्के, मनगट वीस ते पंचवीस टक्के, दंड तेहेतीस ते पस्तीस टक्के. नानांची छाती छत्तीस इंच, सदऱ्यावरून घालायचा म्हणून सहा इंच सैल. बेचाळीस इंचांना चार टाक्यांप्रमाणे १६८ टाके. खालची पट्टी दीडशेच्या आसपास, मनगट चाळीस, दंड अठ्ठावन्न. छापील नमुन्याची गरजच उरली नाही.

रंगांची जागा त्यांच्या गुणांवरून ठरवली. शेवाळी लडीत हिराकस आहे, आणि हिराकसानं लोकर खरखरीत आणि जराशी ठिसूळ होते; म्हणून ती गळ्याशी नको आणि मनगटालाही नको. तिचे पट्टे पोटावर घेतले. तांबडी खालच्या पट्टीला आणि मनगटांना. पिवळ्या आणि सोनेरी लड्या अंगाला आणि बाह्यांना. पण एक गुंडा संपल्यावर दुसरा असं केलं नाही. दोन गुंडे बरोबर घेऊन दोन ओळी एकाच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या अशा विणल्या. घरी रंगवलेल्या दोन लड्या कधी जुळ्या नसतात. गुंडा बदलताना अंगावर जी रेघ उमटते, ती या युक्तीनं उमटत नाही, आणि गडद-फिके ढगही एका जागी साचून डाग झाल्यासारखे दिसत नाहीत. वीण साधी, एक ओळ सुलट, एक उलट. रंग बोलका असला की विणीनं गप्प बसावं.

पांढरी लोकर काखेपासून खांद्यापर्यंत, पुढं आणि मागं. त्या जागेला कारणही होतं. एकपदरी लोकर घासली की तिच्यावर लवकर गोळे धरतात आणि ती विरते. कोपर, मनगट, खिसा या तिच्या जागा नव्हेत. छाती सगळ्यांत कमी घासते. दाणेदार वीण थोडी पसरट येते, इंचाला साडेतीन टाके. म्हणून रंगीत भागातून पांढऱ्यात शिरताना दर आठ टाक्यांमागं एक कमी केला, आणि कड कुठं फुगली नाही. गळ्याची पट्टी मऊ सोनेरीची.

तीन महिने लागले. रोज रात्रीची भांडी आवरल्यावर तासभर. विणताना एक गोष्ट लक्षात आली. गिरणीची लोकर विणताना बोटं चालतात आणि मन भलतीकडे असतं. ही लोकर मन भलतीकडे जाऊ देत नाही. पुढच्या चार बोटांत धागा जाड येणार की बारीक, ते पाहावं लागतं. बारीक आला तर हात सैल सोडावा लागतो. पांढऱ्या भागात तर कित्येकदा मी आईंच्या गतीनंच विणत होते. जिथं त्या थांबल्या तिथं मीही.

बटणं वन्संनी आणली. मोठी, लाकडी, नानांच्या बोटांना सहज सापडतील अशी. ती त्यांनीच बसून लावली, आणि पांढऱ्या भागावरचं बटण लावताना एक जाडसर गाठोळं मुद्दाम काजाच्या शेजारी येईल असं पाहिलं. “बटण कुठं आहे ते नानांना त्यावरून कळेल,” म्हणाल्या. मी नुसती मान हलवली.

नाना तो स्वेटर आता नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत घालतात. पुण्याला मार्चात कुणी स्वेटर घालतं का, हे त्यांना पटत नाही, म्हणून कधी मार्चातही. बोलता बोलता त्यांचा अंगठा छातीवर फिरत असतो. पाहुण्यांना वाटतं, म्हाताऱ्याची सवय असेल.

सोनेरी लोकर पन्नासेक ग्रॅम उरली आहे. ती मी गुंडा न करता सैल लडीच बांधून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात, त्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आहे. स्वेटराची कोपरं आधी विरतात. तेव्हा ती लागेल.